परसवाड्याहून नागपूरला : एका शाळेचा शोध

बदलीचा हुकूम घरात आला की माणसे आपापल्या परीने काळजीला लागतात. कोणाला बिऱ्हाडाच्या सामानाची चिंता, कोणाला नव्या जागेच्या भाड्याची, तर कोणाला अंगणातल्या तुळशीची. दोन वर्षांपूर्वी परसवाड्याहून नागपूरला जाण्याचा हुकूम हाती पडला, तेव्हा आम्हां उभयतांना पहिली काळजी लागली ती तिसरीत जाणाऱ्या कन्येच्या शाळेची. बाहेर राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न वारंवार उभा राहतो. म्हणून आम्हांला जे दिसले आणि जे उमगले, ते येथे सांगावेसे वाटते.

परसवाडा हे बालाघाट शहराच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पठारावर वसलेले तहसिलीचे गाव. भोवताली साल आणि बांबूचे रान, सखल भागात धानाची शेते. बँकेच्या नोकरीनिमित्त आम्ही तेथे सहा वर्षे काढली. कन्या गावातील सरकारी प्राथमिक शाळेत जाई. तिच्या वर्गात कोणाच्या घरी गोंडी बोलत, कोणाच्या घरी पोवारी. आमच्या घरी मराठी. शाळेत मात्र सर्वांना हिंदी. घरची भाषा उंबरठ्यावर ठेवून शाळेत शिरावयाचे, हे त्या वर्गातील बहुतेक मुलांच्या वाट्याला आले होते. त्यात आमची कन्या काही वेगळी नव्हती.

या मुलखात शाळा पोहोचल्या त्याचाही एक इतिहास आहे. १ जानेवारी १९९७ पासून मध्य प्रदेश शासनाने शिक्षण हमी योजना सुरू केली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि आदिवासी वस्तीतील पंचवीस मुलांसाठी, अन्यत्र चाळीस मुलांसाठी, पालकांनी मागणी केली, तर नव्वद दिवसांत शिक्षक देण्याची ती हमी होती. शिकविणाऱ्याला 'गुरुजी' म्हणत. त्या शाळांच्या दर्जाविषयी पुढे पुष्कळ चर्चा झाली. तथापि शाळा मागणे हा पालकांचा हक्क आहे, ही गोष्ट रानातल्या वस्त्यांपर्यंत त्या योजनेने पोहोचविली. परसवाड्यात आमच्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. एकच शाळा जवळ होती आणि ती आमची होती. नागपुरात मात्र शाळा इतक्या, की निवड हीच अडचण होऊन बसली.

बालाघाटकरांना नागपूर परके नाही. १८६७ साली जिल्हा झाला तेव्हापासून १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. नात्यागोत्याची ये-जा मात्र तशीच चालू राहिली. त्यामुळे आम्ही नागपूरला पोहोचताच सल्ले देणारे आप्त घरोघर होते. "वहिनी, पैसे हवे तर आम्ही देतो, पण पोरीला सरकारी शाळेत घालू नका हो," असे वन्सं म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात माया होती, हे आम्ही जाणतो. पण थोडी लाजही होती, हेही आमच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही.

प्रथम वन्संच्या आग्रहाखातर आम्ही एक नावाजलेली खासगी शाळा पाहिली. तेथे मुलीची तोंडी परीक्षा घेतली, मागाहून आम्हां दोघांचीही. आमचे शिक्षण किती, घरी इंग्रजी बोलता काय, असे प्रश्न झाले. मुलीला हिंदीत विचारले असते तर तिने भराभर उत्तरे दिली असती. इंग्रजीत विचारल्यावर ती आमच्या पदराआड गेली. घरी आल्यावर रात्री तिने विचारले, "आई, मी ढ आहे का ग?" त्या प्रश्नाने आमची झोप उडाली.

पुढे कळले की असली परीक्षा कायद्यातच बसत नाही. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रवेशासाठी मुलाची अथवा पालकांची चाळणी लावण्यास त्यात मनाई आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजार आणि पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. देणगी मागण्यासही बंदी आहे. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्यावरून सरकारी अथवा अनुदानित शाळेला प्रवेश अडविता येत नाही. जन्मतारखेचा पुरावा नाही, म्हणूनही मुलाला परत पाठविता येत नाही. बदलीच्या नोकरीतील पालकांनी एवढे तरी पाठ करून ठेवावे.

गंमत अशी की, या कायद्याला हिंदीत 'शिक्षा का अधिकार' म्हणतात. परसवाड्याच्या शाळेच्या भिंतीवर ही अक्षरे रंगविलेली होती. आमच्या सासूबाई प्रथम तेथे आल्या तेव्हा त्या वाचून थबकल्या आणि म्हणाल्या, "अग बाई, येथे मारण्याचासुद्धा अधिकार भिंतीवर लिहितात काय?" वस्तुतः याच कायद्याने शाळेतील मारहाणीस मनाई केली आहे!

मग आम्ही घरापासून चालत जाता येईल अशा पाच शाळा काढल्या; काही सार्वजनिक, काही अनुदानित. राज्यांचे नियम प्राथमिक शाळा साधारणतः एक किलोमीटरच्या आत असावी असे धरतात. आम्ही ते अंतर मुलीचे बोट धरून, शाळेच्या वेळेस चालून पाहिले. नकाशावर जवळ दिसणारी एक शाळा भरधाव रस्त्यापलीकडे निघाली. ती तेथेच गळली.

उरलेल्या चार शाळा आम्ही कोणताही समारंभ नसलेल्या साध्या मंगळवारी-बुधवारी पाहिल्या. एका शाळेची इमारत नवी, भिंतींवर चित्रे, वर्गात मोठा पडदा. आमचे मन तेथेच बसले होते. परंतु तिसरी आणि चौथी एकाच खोलीत होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की यात नियमभंग काहीच नाही. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार आणि दोनशेपर्यंत पाच. म्हणजे पट साठ असला की पाच इयत्ता दोन शिक्षकांच्या गळ्यात पडतात. 'तीस मुलांमागे एक शिक्षक' हे वाक्य ऐकण्यास गोड. पण आपल्या मुलाच्या इयत्तेला स्वतंत्र शिक्षक आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून पालकांनी शाळेत गेल्यावर दोन आकडे विचारावेत : पट किती आणि प्रत्यक्ष शिकविणारे किती. सुशिक्षित घरे एकामागून एक निघून गेली की पट घसरतो, पट घसरला की शिक्षक कमी होतात आणि मग उरलेली घरे म्हणतात, शाळा बिघडली. ही साखळी उलगडली तेव्हा आम्हांला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

चौथी शाळा जुन्या इमारतीतील होती. पायऱ्या झिजलेल्या, पण मुलींचे स्वच्छतागृह धुतलेले आणि कुलपाविना, नळाला पाणी. मधल्या सुट्टीत खिचडी वाढली जात होती आणि तिसरीच्या बाई मुलांच्या पंगतीतच बसून जेवत होत्या. ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप नव्हते. पुस्तकांचे कोपरे दुमडलेले होते. आम्ही वह्या पाहण्याची परवानगी मागितली. बाईंच्या लाल शाईची तारीख कालची होती. एका मुलाने 'पाऊस' हा शब्द चुकविला होता. बाईंनी तो खोडला नव्हता, शेजारी नीट लिहून दिला होता. तिसरीतील एका मुलीला आम्ही पुस्तकाचे कोणतेही पान उघडून वाचावयास सांगितले. तिने अडखळत का होईना, पण समजून वाचले आणि चित्रातल्या म्हशीविषयी आम्हांलाच एक प्रश्न विचारला. मुख्याध्यापिकांनी शाळा व्यवस्थापन समितीची वही पुढे ठेवली. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या शाळेत त्या सभांना येतही होत्या, हे सह्यांवरून दिसले.

आता उरला माध्यमाचा प्रश्न. नागपुरात महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या आहेत. आमची कन्या बोले मराठी, वाची हिंदी. हिंदी माध्यमात घातली असती तर दोन वर्षांची मेहनत वाया गेली नसती आणि २०२० च्या कायद्यामुळे मराठी हा विषय तिला तेथेही मिळाला असता. दुसरीकडे, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेच्या ३५० अ या कलमात १९५६ पासून नमूद आहे. परसवाड्यात एका मराठी मुलीसाठी ती सोय होणे शक्य नव्हते. येथे ती दाराशी होती. आम्ही मुलीलाच विचारले. ती म्हणाली, "ज्या बाई जेवायला बसल्या होत्या त्यांची शाळा." ती मराठी शाळा होती. निर्णय झाला.

पहिले तीन महिने सोपे गेले नाहीत, हे लपविण्यात अर्थ नाही. लिपी एकच, तरी मराठी पुस्तकातील 'ल' आणि 'श' यांचे वळण तिला अनोळखी. 'ळ' हे अक्षर तिने शाळेत कधी लिहिलेच नव्हते. ती 'फळा' ऐवजी 'फला' लिही आणि वर्ग हसे. एकदा ती रडत आली, तेव्हा आपण चूक तर केली नाही ना, या विचाराने आम्ही उभयता रात्रभर जागलो. बाईंनी मात्र एक युक्ती केली. रोज एक हिंदी शब्द आमच्या मुलीने वर्गाला शिकवावा आणि वर्गाने तिला एक 'ळ' असलेला शब्द द्यावा. दिवाळीपर्यंत वर्गाला पुष्कळ हिंदी आले आणि आमच्या मुलीच्या वहीत 'बाळ', 'माळ', 'जांभूळ', 'आभाळ' यांची रांग लागली.

प्रत्येक सार्वजनिक शाळा अशीच असते, असे आम्ही म्हणणार नाही. चार पाहिल्या, तेव्हा एक मनास आली. आणि या शाळेतही उणिवा आहेत. क्रीडांगण लहान आहे आणि पाचवीनंतर पुन्हा शोध करावा लागणार आहे. आमचे सांगणे एवढेच की, नावावरून शाळा घेऊ नये आणि नावावरून टाकूही नये. वह्यांवरची तारीख, कपाटाचे कुलूप, हजेरीपटावरील आणि वर्गातील मुलांची संख्या, वाट आणि बाईंचा आवाज, या पाच गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात. एक सकाळ पुरते. आणि मुलाला बरोबर न्यावे. आपल्याला न दिसणारे त्याला दिसते.

वन्सं परवा घरी आल्या होत्या. कन्या परसवाड्याच्या मैत्रिणीला पत्र लिहीत बसली होती. पत्र हिंदीतच होते, कारण त्या मैत्रिणीच्या घरी गोंडी बोलतात आणि दोघींची समाईक भाषा हिंदी. शेवटी तिने मराठीत एक शब्द लिहिला होता : 'आभाळ'. खाली हिंदीत त्याचा अर्थ दिला होता आणि विचारले होते, "तुम्हारे घर में इसे क्या कहते हैं?" वन्संनी ते पत्र दोनदा वाचले. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "वहिनी, तिच्या बाईंना एकदा भेटायला हवे हो."