बोहारणीला लुगडी देण्यापूर्वी...

होळी जळाली, थंडी पळाली, असे आपल्याकडे म्हणतात. फाल्गुन सरत येतो, आंब्याचा मोहोर गळून बारीक कैऱ्या दिसू लागतात, कडुलिंबाला कोवळी पालवी फुटते आणि घरोघरी एक ठरलेले काम निघते. हिवाळाभर वापरलेल्या रजया, ब्लँकेटे आणि जाड गोधड्या गच्चीवर उन्हात पडतात. त्या ठेवण्यासाठी कपाटाचा वरचा खण किंवा पलंगाची पेटी रिकामी करावी लागते. मग तळाशी हात लागतो तो एका जुन्या गाठोड्याला.

त्या गाठोड्यात आजीची दोन-तीन नऊवारी लुगडी असतात. सासूबाईंच्या रोजच्या वापरातील सुती पातळे, मामंजींचे धोतर आणि मुलांची बाळपणीची झबलीही असतात. त्यांतले नेसण्याजोगे काही उरलेले नसते आणि टाकूनही देववत नाही. दरवर्षी गाठोडे सुटते, एखादे लुगडे हातात घेऊन जरा वेळ बसणे होते आणि पुन्हा गाठ मारली जाते. अखेर एखाद्या वर्षी जागेची अडचण होते, दारावर बोहारीण येते आणि गाठोडे तिच्या पाटीत जाते. बदल्यात स्टीलचा एक डबा मिळतो.

डबा काही वाईट नसतो. पण वर्षा-दोन वर्षांनी घरात बाळ येणार असते आणि कोणीतरी विचारते, "घरात मऊ, जुने सुती कापड आहे का हो?" त्या वेळी मात्र ते नसते.

हे नुकसान लहान नाही. पूर्वी बायका रोज सुती लुगडी नेसत. ती विरत आणि गोधडीत जात, तोवर पुढची लुगडी जुनी झालेली असत. घरातला जुन्या कापडाचा साठा कधी आटत नसे. आता रोजच्या वापरात गाऊन, सलवार-कमीज आणि न चुरगळणाऱ्या साड्या आल्या आहेत. शेकडो वेळा धुतले गेलेले, सायीसारखे मऊ झालेले सुती लुगडे नव्याने तयार होत नाही. अनेक घरांत ते गाठोडे म्हणजे शेवटचा साठा आहे. म्हणून यंदा ते सुटेल तेव्हा पुन्हा गाठ मारण्याऐवजी सुई-दोरा हाती घ्यावा.

हाच मोसम का?

खेडोपाडी गोधड्या उन्हाळ्यातच शिवल्या जात. रब्बीची पिके घरात आलेली असत, पावसाळा दूर असे आणि अंगण मोकळे असे. दुपारची जेवणे उरकली की सावलीत चटई पसरली जाई, शेजारणी जमत आणि एका गोधडीच्या चारही बाजूंनी चार सुया चालत.

यामागे सोयीइतकाच व्यवहारही होता. गोधडीत कापडाचे अनेक थर असतात. एखादा थर दमट राहिला, तर आत कुबट वास धरतो आणि बुरशी येते. फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या उन्हात धुतलेले कापड कडकडीत वाळते. शिवाय पुढचे तीन महिने अंगावर जे पांघरूण हवे ते हलके हवे. पहाटेच्या गारव्याला किंवा रात्रभर चालणाऱ्या पंख्याखाली जाड रजई सोसत नाही आणि नुसती चादर पुरत नाही. चार पदरी सुती गोधडी नेमकी त्या वेळी कामाला येते.

टाका एक, नावे अनेक

गोधडी म्हणजे गरिबीची खूण, असे मानून पुष्कळ सुशिक्षित घरांनी ती अडगळीत टाकली. पण ठिगळांच्या वस्त्राला आपल्या देशात मोठा मान आहे. बौद्ध भिक्खूंचे चीवर कापडाचे तुकडे जोडूनच शिवलेले असते. मगधातील शेतांच्या बांधांसारखी त्याची रचना करण्यास बुद्धांनी आनंदाला सांगितले, अशी विनयपिटकात कथा आहे. महाराष्ट्रात गाडगेबाबा चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव फिरले आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले.

पश्चिम महाराष्ट्रात गोधडीला वाकळ म्हणतात, तर उत्तर कर्नाटकात तीच कौदी होते. टाका मात्र सगळीकडे साधा धावदोऱ्याचाच असतो.

बंगालमध्ये त्याला कांथा म्हणतात. जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक ठेवायची, साडीच्या काठातून रंगीत धागे ओढून काढायचे आणि त्याच धाग्यांनी शिवायचे, ही कांथाची मूळ रीत आहे. मध्ये कमळ, कोपऱ्यांत झाडे आणि अधूनमधून हत्ती, घोडे, पालख्या असतात. सनदी अधिकारी आणि लोककलांचे संग्राहक गुरुसदय दत्त यांनी अशा कांथांचा मोठा संग्रह केला. त्यात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने एकोणिसाव्या शतकात आपल्या वडिलांसाठी शिवलेला एक कांथा आहे. तो आपण स्वतःच्या हाताने केल्याचे तिने टाक्यांनीच लिहून ठेवले आहे. जुन्या साड्या आणि सुई एवढ्याच साधनांनिशी त्या काळातल्या एका स्त्रीने आपले नाव मागे ठेवले.

बिहारमध्ये सुजनी असते. नव्या बाळाला जुन्या, मऊ कापडात लपेटावे, या रिवाजातून ती आली. मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावात 1988 पासून निर्मलादेवींच्या पुढाकाराने या कामाला पुन्हा बळ मिळाले. तिथल्या स्त्रिया सुजनीवर केवळ फुले-पाने काढत नाहीत. हुंडा, पडदा आणि मुलींवरचा अन्याय अशा आपल्या जगण्यातल्या गोष्टी त्या टाक्यांनी सांगतात. निर्मलादेवींना 2025 साली पद्मश्री मिळाली.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातले आहे. यल्लापूर, हल्याळ आणि मुंडगोडच्या रानपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले. त्यांच्या बोलीत कोकणी आणि मराठी शब्द आहेत. सिद्दी स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने ठिगळे लावत त्या मध्यापर्यंत येतात. गोधडी पुरी झाली की चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी त्रिकोणी शोभा लावतात. तिला त्या 'फुला' म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. 2004 साली या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंदी परदेशी संग्रहालयांपर्यंत पोचली.

अशी शिवा उन्हाळी चौघडी

एका माणसाच्या चार पदरी पांघरुणाला एक नऊवारी लुगडे पुरते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार समान भाग केले की प्रत्येक थर साधारण दोन मीटर लांबीचा होतो. पन्हा सव्वा वार असतो, तेवढीच रुंदी धरावी. पाचवारी असल्यास दोन साड्या घ्याव्यात. त्यातून उरलेले कापड वरच्या ठिगळांना उपयोगी पडते.

कापडाची निवड: कापड दोन्ही हातांनी हलके ओढून पाहावे. सहज फाटले तर तो भाग कापून टाकावा. जरा विरलेला पण धड भाग आतल्या थरात घालावा आणि चांगला भाग वर-खाली ठेवावा. सुती कापडात नायलॉन किंवा टेरिकॉट मिसळू नये. ते घाम शोषत नाही. शिवाय मजबूत कापड शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडते.

धुणे: गरम पाण्यात धुऊन सगळी खळ काढावी. ओला पांढरा फडका रंगीत कापडावर घासून रंग जातो का ते पाहावे. रंग जाणारे कापड वापरू नये. एखादे नवे कापड घ्यायचे असेल, तर तेही आधी धुऊन आटवून घ्यावे. नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडी चुण्या पडून आक्रसते.

मांडणी: काठ आणि पदर उसवून बाजूला ठेवावेत. फरशीवर चटई टाकून एकेक थर पसरावा आणि हाताने सुरकुत्या काढाव्यात. चारही कोपऱ्यांवर जाड पुस्तके किंवा वरवंटा ठेवावा, म्हणजे थर सरकत नाहीत. ठिगळांचे तुकडे कडा आत दुमडून सर्वांत वर बसवावेत. रंगांची जोडी लावण्यासाठी तुकडे आधी नुसते मांडून पाहावेत, टाचण्या नंतर लावाव्यात.

कच्चा टाका: मध्यापासून कडांकडे, वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालावेत. हे काम कंटाळवाणे वाटते आणि नवशिक्या ते टाळतात. गोधडी पुढे वाकडी होते ती यामुळेच.

पक्का टाका: जाड सुती दोरा आणि लांब सुई घ्यावी. दोरा हातभरच असावा, कारण त्याहून लांब घेतला की गुंता होतो. कडेपासून आत-आत, चौकोनात फिरत धावदोरा घालावा. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवावे. प्रत्येक टाका चारही थरांतून गेला पाहिजे. शेवटी काढून ठेवलेले काठ चारही बाजूंनी लावावेत आणि कच्चे टाके ओढून काढावेत.

पहिली गोधडी हातानेच शिवलेली बरी. शिवणयंत्राखाली वरचा थर पुढे सरकतो आणि चुण्या पडतात. एवढे मोठे काम अंगावर येत असेल, तर तीन फूट चौरस दुपट्यापासून आरंभ करावा. दोन-चार दुपारींत ते पुरे होते. बाळाच्या दुपट्याला बटणे, टिकल्या किंवा लोंबते धागे ठेवू नयेत. पहिल्या वर्षात बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर सैल पांघरूण नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून दुपटे मांडीवर घेण्यासाठी आणि जागेपणी खाली अंथरण्यासाठी वापरावे.

उरलेले तुकडेही वाया जात नाहीत. वीतभर चौकोनाचे सात-आठ थर एकत्र शिवले की गरम भांडे उचलायची चिमटी होते. लांब पट्ट्यांना अस्तर लावून भाजीची पिशवी होते. मुलांना सुट्टी लागली की हा टाका त्यांना शिकवावा, मुलींना आणि मुलांनाही.

टाक्यांचे मोल

ज्यांना वेळ नाही किंवा डोळे साथ देत नाहीत, त्यांनी घरचे कापड देऊन गोधडी शिवून घ्यावी. गोधड्या शिवून चार पैसे मिळवणाऱ्या स्त्रिया शहरांतही आहेत. पण मजुरी ठरवताना एक दिवस आपण स्वतः दोन ओळी घालून पाहाव्यात. बोटांना किती वेळा टोचते आणि मान किती अवघडते, ते कळते. मोठ्या दुकानात काचेमागे ठेवलेल्या गोधडीची किंमत मुकाट्याने देणारे आपण दारात बसलेल्या बाईशी मात्र वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. घरातल्या आजीने जन्मभर शिवलेल्या गोधड्यांचा तर कधी हिशेबच झाला नाही. दुपारी आजी रिकामी बसली होती, एवढेच घरातल्यांना आठवते.

शिवताना घरात आणखी एक गोष्ट घडते. तुकडे मांडले की बोलणे निघते. हे लुगडे आजीने कोणाच्या बारशाला नेसले होते, हे धोतर कुठल्या प्रवासात फाटले होते, हे झबले थोरल्याचे की धाकटीचे, यावर वाद होतात. गेलेल्या माणसाच्या कपड्याला कात्री लावताना हात थांबतो, हे खरे. पण गाठोड्यात ते कापड कसरीच्या तोंडी जाते आणि गोधडीत रोज कोणाच्या तरी अंगावर असते. ज्यांना कापवतच नाही, त्यांनी ते अख्खे लुगडे घडी घालून आतला थर म्हणून ठेवावे.

गोधडी पुरी झाली की एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने साल घालावे, कोणाची लुगडी आहेत त्यांची नावे घालावीत आणि जिने शिवली तिचेही नाव घालावे. पन्नास वर्षांनी ती पांघरणाऱ्या नातवंडाला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

पाडव्याला अजून थोडे दिवस आहेत आणि ऊन चांगले पडले आहे. बोहारीण काय, पुढच्या महिन्यातही येईल. तिला देण्यासाठी घरात नायलॉनच्या साड्या पुष्कळ आहेत.