एका गडाचे तीन कलेक्टर

हरिश्चंद्रगडावर पाचनईहून चढलात तर तुम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात असता. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट धरली तर सुरुवात पुणे जिल्ह्यातून होते आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने निघालात तर पायथा ठाणे जिल्ह्यातला. वर कोकणकड्यावर सगळे एकत्र भेटतात. पावसाळी बंदीचा आदेश मात्र जिल्हाधिकारी काढतात आणि त्यांचा अधिकार जिल्ह्याच्या शिवेपाशी संपतो. त्यामुळे एकच गड एका अंगाने बंद आणि दुसऱ्या अंगाने खुला, असंही होऊ शकतं.

आपल्याकडे डोंगरात कुणी, कधी, कुठून जायचं हे ठरवणारं एक धोरण नाही. वेगवेगळ्या काळात, वेगळ्याच कामांसाठी केलेले कायदे एकावर एक रचले गेले आणि पाठीवर सॅक घेतलेला माणूस त्या ढिगाखालून वाट काढतो. राखीव जंगलाला लागू होणारा भारतीय वन कायदा 1927 सालचा. सरकारला चिंता होती ती लाकडाची आणि महसुलाची. त्यातल्या कलम 26 मध्ये विनापरवाना आत शिरणं आणि गुरं चारणं हे गुन्हे एकाच दमात सांगितले आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी ट्रेकर आणि चुकार म्हैस शेजारी-शेजारी उभे!

अभयारण्यात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येतो. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचा मुलूख 1986 पासून अभयारण्य आहे. या कायद्याच्या कलम 28 नुसार आत जायचा परवाना अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन किंवा तिथल्या रहिवाशांशी असलेल्या कामासाठी मिळतो. निव्वळ डोंगर चढायला आलेला माणूस ‘पर्यटन’ या खणात बसतो. गेटवर पावती फाडली की झालं. गड संरक्षित स्मारक असेल तर आणखी एक खातं आलं. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी लोहगड, रायगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर राजगड, साल्हेर राज्याच्या. खालचं रान वनखात्याचं, वरची तटबंदी पुरातत्त्वची, आणि मधल्या पाण्याच्या टाक्याची डागडुजी कुणी करायची यावर पत्रव्यवहार.

या सगळ्या खात्यांना डावलून जाणारं हत्यार म्हणजे जमावबंदीचं कलम. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दुसऱ्याच दिवशी, योगायोगाने, देशात नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुन्या 144 ची जागा 163 ने घेतली. कलमाचा आकडा बदलला, सवय तीच राहिली: धबधबे, धरणं आणि घाटांवर प्रतिबंधात्मक आदेश. मृत्यू खरे आहेत, गर्दीही खरी आहे. पण दंगल आवरायला जन्मलेलं कलम निसरड्या कातळावर काय करणार? बंदी ही प्रशासनाला सगळ्यांत स्वस्त पडते. ना वाटेवर खुणा लावाव्या लागत, ना बचावपथकाला साहित्य द्यावं लागत. शिवाय धबधब्याखाली बाटली घेऊन बसणारा आणि घाटवाटा जाणणारा अनुभवी भटका यांत तिला फरक करता येत नाही.

राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे निकष आहेत. चांगलंच आहे ते, पण त्याचा रोख धंदा करणाऱ्यांवर. चार मित्र एसटीने जाऊन रतनगड करतात त्यांच्याबद्दल ते फारसं बोलत नाही.

कास पठाराची गोष्ट निराळी, आणि मला ती सगळ्यांत बोलकी वाटते. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यावर तिथे गर्दी लोटली. रोजच्या संख्येला मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली, आसपासच्या गावांच्या वन समित्यांकडे व्यवस्था आली. हंगामात गावातल्या पोरांना काम मिळू लागलं. इथवर ठीक. पण माणसं थोपवायला घातलेल्या जाळीने गुरंही थोपली. चराई थांबल्यावर गवत माजलं आणि फुलं कमी झाली, अशी तक्रार स्थानिक लोक आणि अभ्यासक वर्षानुवर्षं करत राहिले. शेवटी कुंपण निघालं. माणूस आणि गुरं आत नसली की निसर्ग सुखी, हे गृहीतक त्या सड्यावर टिकलं नाही.

स्कॉटलंडने 2003 च्या कायद्याने उलट टोक धरलं: जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही, मालकी खासगी असली तरी, बहुतेक जमिनीवर आणि पाण्यावर वावरण्याचा हक्क. तरीही लॉख लोमंडच्या काठी तंबूंचा उच्छाद झाला तेव्हा 2017 पासून तिथल्या ठरावीक पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर तंबूसाठी परवाना लागू लागला. हक्क आधी, निर्बंध नंतर, आणि तोही नेमक्या जागेपुरता. आपल्याकडे क्रम उलटा आहे.

या क्रमाची किंमत पाचनई, साम्रद, खिरेश्वरसारख्या गावांना मोजावी लागते. जेवण, मुक्काम, वाटाड्या यांतून मिळणारा पैसा बराचसा पावसाळ्यातला, म्हणजे बंदीच्याच दिवसांतला. आदेश काढण्याआधी ग्रामसभेला विचारलंच पाहिजे, असं कलम 163 म्हणत नाही. आदेश रद्द करा, असा अर्ज गावकऱ्यांना नंतर करता येतो. आदेशाची मुदत साधारण दोन महिने असते, आणि अर्जावर सुनावणी होईतो श्रावण सरलेला असतो.