चाकांवरच्या घराची जमीन

हिवाळ्याच्या पहाटे शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहून पाहा. पाय चटकन उचलावासा वाटतो. शेजारच्या लाकडी पाटावर पाय ठेवला, तर तितका गारठा जाणवत नाही. वास्तविक फरशी आणि पाट रात्रभर एकाच खोलीत असल्यामुळे दोहोंचे तापमान सारखेच असते. फरक असतो तो पायातली उष्णता किती वेगाने ओढून घेतली जाते याचा. आता अशी कल्पना करा की, तुमच्या पायाखालची जमीन फरशीची नसून पोलादी पत्र्याची आहे, तिच्याखाली मातीऐवजी गार वारा वाहतो आहे आणि ती ताशी ८० किलोमीटर वेगाने धावतेही आहे!

युरोपात आणि अमेरिकेत अशा जमिनीवर संसार थाटणारे पुष्कळ लोक आहेत. व्हॅनमध्ये बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी बसवून ते सुटीत गावोगाव हिंडतात. या गाडीला ‘कॅम्पर व्हॅन’ म्हणतात. जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने १९५१ साली फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी असे घरगुती सामान तयार केले. त्यानंतर ही हौस वाढतच गेली. आज अनेक जण रिकामी मालवाहू व्हॅन घेऊन सारे काम स्वतःच्या हातांनी करतात आणि बहुधा सुरुवात होते ती जमिनीपासून.

व्हॅनचा तळ सपाट नसतो. त्याला लांबच लांब पन्हळी असतात. त्या कशासाठी, हे एका कागदाने कळेल. दोन पुस्तकांमध्ये अंतर ठेवून त्यांवर कोरा कागद आडवा टाका. एका पेन्सिलीनेही तो वाकेल. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला, म्हणजे तो चार-पाच पेन्सिली सहज तोलतो. पातळ पत्र्याला ताठपणा येतो तो याच युक्तीने. मात्र जमीन बसवणाऱ्याला या पन्हळी अडचणीच्या ठरतात, कारण त्यांच्यात हवा अडकते. आणि हवेबरोबर येते पाणी.

पाणी कोठून, असे तुम्ही विचाराल. बर्फाचे पाणी भरलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते, ते पेल्यातून झिरपलेले नसते. हवेतली वाफ गार धातूला लागून तिचे सांद्रीभवन झालेले असते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे १२ अंश असतो. म्हणजे १२ अंशांहून थंड असा कोणताही पृष्ठभाग तिला लागला की त्यावर दव जमणारच. ब्रिटनमधल्या हिवाळी रात्री व्हॅनचा तळ दोन-तीन अंशांवर सहज येतो. आत झोपलेली दोन माणसे रात्रभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे निदान पाव लिटर पाणी हवेत सोडतात. शेगडीवर चहा केला, तर वाफ आणखी वाढते. ही दमट हवा जमिनीच्या फटींतून खाली उतरली की पत्र्यावर दव जमते. वरून काहीच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी प्लायवुड मऊ लागू लागते. उचलून पाहावे तर खाली गंजाचे पापुद्रे!

म्हणून पत्र्यावर नुसता गालिचा अंथरून भागत नाही. आधी असलेला गंज खरवडून रंग द्यायचा, पन्हळी भरून काढायच्या आणि मग पत्र्याला घट्ट चिकटतील असे पॉलिस्टायरीनचे तक्ते बसवायचे. हे तक्ते आपल्या थर्मोकोलच्याच कुळातले, पण जास्त दाट असतात. प्लायवुडच्या तुलनेत त्यांच्यातून उष्णतेचे वहन सुमारे एक-चतुर्थांश होते. म्हणजे २५ मिलिमीटरचा तक्ता १०० मिलिमीटर प्लायवुडइतका उष्णतारोधक ठरतो. मात्र नुसत्या तक्त्यावर चालता येत नाही. ६० किलो वजनाचा माणूस दहा चौरस सेंटिमीटरच्या टाचेवर उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो भार पडतो आणि चांगल्या प्रतीचा तक्ताही साधारण ३ किलोच सोसतो. वर प्लायवुड घातले की हा भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. प्लायवुडच्या कापलेल्या कडांना व्हार्निश देणे फार महत्त्वाचे, कारण तेथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात आणि त्या पाणी शोषतात. हौशी माणसे वरच्या नक्षीचा रंग निवडण्यात आठवडा घालवतात आणि या कडांना तासभरही देत नाहीत!

सर्वांत वर काय घालावे? घरासारखी फरशी घालण्याचा मोह सोडावा. पाच चौरस मीटर जागेत २५ मिलिमीटर जाडीची दगडी फरशी सव्वातीनशे किलोंच्या घरात जाईल. अशा अनेक व्हॅनचे भारासह कमाल वजन ३,५०० किलो ठरलेले असते. शिवाय हादऱ्यांनी फरशीचे सांधे उकलतात. दोन मिलिमीटरचे व्हिनाइल तेवढ्याच जागेत पंधरा किलोंच्या आतबाहेर भरते, पुसायलाही सोपे. पण उन्हाने ते पोलादापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते. तापमान ४० अंशांनी वाढले, तर तीन मीटर लांबीचे पोलाद दीड मिलिमीटर वाढेल. व्हिनाइल मात्र मोकळे असल्यास सुमारे सात मिलिमीटर. म्हणून न चिकटवता नुसत्या अंथरलेल्या जमिनीच्या कडेला फट सोडतात आणि ती लाकडी पट्टीखाली झाकतात.

लिनोलियमही चांगले. ते इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी शोधले. त्याचे पेटंट १८६३ सालचे. रंगाच्या डब्यात वाळलेल्या जवसाच्या तेलावर रबरासारखी साय धरलेली पाहून त्यांना ही कल्पना सुचली. हेच तेल, राळ आणि बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा तागाच्या कापडावर थापून लिनोलियम बनते. आपण ज्याची चटणी करतो, तेच हे जवस.

एक भोक मात्र कोणत्याही थराखाली बुजवायचे नसते. शेगडीच्या सिलिंडरमधला प्रोपेन हवेच्या दीडपट, तर ब्युटेन दुप्पट जड असतो. गळती झाली, तर हा वायू वर न जाता पाण्यासारखा जमिनीवर साचतो आणि मग एक ठिणगी पुरते. यासाठी सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला थेट गाडीबाहेर उघडणारे भोक ठेवतात. तक्ता, प्लायवुड आणि व्हिनाइल या तिन्ही थरांतून ते आरपार न्यावे लागते आणि उंदीर शिरू नयेत म्हणून त्याला तारेची जाळी लावावी लागते.