शर्यतीच्या मोटारीचे ब्रेक

मोटार वेगानें हांकणाऱ्याचें कौतुक सर्वत्र होतें. ती योग्य जागीं थांबविणाऱ्या ब्रेकांची आठवण मात्र सहसा कोणास होत नाहीं. परंतु शर्यतीच्या मार्गावर चालकाचा जीव एंजिनापेक्षां ब्रेकांवर अधिक अवलंबून असतो. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें २०११ सालीं सुरू झालेलें बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटर लांबीचें असून त्यांत १६ वळणें आहेत. अशा मार्गावर लांब सरळ पट्टा संपतांच वेग एकदम आवरावा लागतो.

१४०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं १८० किलोमीटरवरून ७२ किलोमीटरवर आणावयाची, तर सुमारें १४ लक्ष ७० हजार ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. ती नाहींशी होत नाहीं. चाकासह फिरणारी डिस्क व तिला दोहों बाजूंनीं आवळणारे पॅड यांच्या घर्षणानें तिची बहुतेक उष्णताच होते. तेवढ्या उष्णतेनें ३० अंश सेल्सिअसचें पांच लिटर पाणी उकळीस येईल; आणि हें कांहीं सेकंदांत, प्रत्येक फेरींत अनेकदां घडतें!

पायाचा दाब चाकापर्यंत नेतें तें ब्रेक ऑइल. द्रव पदार्थ दाबानें जवळजवळ आकसत नाहीं, या गुणावर सारी रचना उभी आहे. मात्र नेहमींच्या वापरांतील हें ऑइल हवेंतील बाष्प शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीच्या ताज्या ऑइलाचा उत्कलनबिंदु निदान २३० अंश असावा लागतो, त्यांत ३.७ टक्के पाणी मुरलें, कीं ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलें, कीं वाफेचे बुडबुडे होतात. वाफ सहज दबते. मग पेडल तळाला टेकतें, आणि मोटार धांवतच राहते.

म्हणून चालकास दोन लक्षणें ओळखतां आलीं पाहिजेत. पेडल घट्ट असून मोटार आवरत नसेल, तर पॅड अतिशय तापले असें समजावें. वेग उतरवून ते निवूं द्यावे. पेडल मऊ लागल्यास ऑइल उकळल्याचा संशय धरावा आणि मोटार बाहेर घ्यावी. थंड झाल्यावर पेडल पूर्ववत् वाटलें, तरी ऑइल बदलून नळ्यांतील हवा काढल्यावांचून पुन्हां वेग घेऊं नये.

शर्यतीपूर्वीं ऑइल सीलबंद डब्यांतीलच घालावें. उघडा राहिलेला डबा निरुपयोगी समजावा. पॅडांची जाडी पाहावी. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. तिच्याशीं ताडून पाहावें. भेग कडेपर्यंत गेली असल्यास डिस्क बदलावी. नवे पॅड निर्मात्याच्या सूचनेप्रमाणें क्रमाक्रमानें तापवून डिस्कशीं जुळवून घ्यावे. शेवटची फेरी सावकाश, ब्रेक शक्य तितके कमी वापरून पुरी करावी. थांबल्यावर पेडलवरून पाय काढावा, हँडब्रेक लावूं नये. चाकांस अडण्या द्याव्या.

घरच्या मोटारीस शर्यतीचा प्रसंग येत नाहीं. पण खंडाळ्याचा घाट उतरतांना तिच्याही ब्रेकांना हाच निसर्गनियम लागू असतो. तेथें खालचा गिअर आणि निर्मात्यानें सांगितलेल्या मुदतींत बदललेलें ऑइल हेंच कुटुंबाचें खरें संरक्षण होय.