मतदानाआधीचे सात महिने

१ एप्रिल १९८९ रोजी नामिबियात युद्धबंदी लागू झाली आणि त्याच दिवशी लढाई पुन्हा पेटली. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना नेमकी त्याच तारखेपासून कामाला लागायची होती. तिचे सेनापती होते लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद. सत्तरी ओलांडलेले भारतीय अधिकारी. काँगोतल्या कटांगाचा आणि सायप्रसचा अनुभव गाठीशी असलेले. कागदावर त्यांच्या हाताखाली ४,६५० सैनिक होते. प्रत्यक्षात देशात पोचले होते हजाराहूनही कमी, आणि अंगोलाला लागून असलेल्या उत्तर सीमेवर, जिथे त्यांची खरी निकड होती, तिथे जवळजवळ कोणीच नव्हते. निवडणूक व्हायची होती नोव्हेंबरात.

ती झाली, वेळेवर झाली, आणि शांततेच्या मोहिमांच्या इतिहासात यशस्वी म्हणून नोंदली गेली. ‘यशस्वी’ हा शिक्का मारताना लोक मतदानाच्या रांगा दाखवतात. मला विचाराल तर रांगा हा या कहाणीतला सगळ्यात सोपा भाग आहे. निवडणुकीचा निकाल नोव्हेंबरात लागला. निवडणूक होऊ शकते की नाही, याचा निकाल एप्रिल ते ऑक्टोबर या काळात लागत होता.

नामिबिया म्हणजे आफ्रिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला वाळवंटी देश. आकाराने महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि तेव्हाची लोकसंख्या जेमतेम चौदा लाख. १८८४ पासून जर्मनांची वसाहत. १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा जर्मनांनी केलेला संहार हा विसाव्या शतकातला पहिला वंशसंहार मानला जातो. १९१५ साली दक्षिण आफ्रिकेने हा मुलूख घेतला, राष्ट्रसंघाच्या नावाने सांभाळायला म्हणून ठेवून घेतला आणि मग सोडायचे नाव काढले नाही. वर्णद्वेषाचे कायदेही तिथे लावले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या ‘स्वापो’ या संघटनेने १९६६ पासून हत्यार उचलले. सुरक्षा परिषदेने १९७८ मध्ये ठराव क्रमांक ४३५ करून तोडग्याचा आराखडा आखला: युद्धबंदी, दक्षिण आफ्रिकी फौजेची माघार, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली घटना समितीची निवडणूक. मग हा ठराव दहा वर्षे पडून राहिला. अंगोलातले क्युबन सैनिक जात नाहीत तोवर आम्ही नामिबियातून जाणार नाही, अशी दक्षिण आफ्रिकेची अट होती आणि अमेरिकेची तिला साथ होती. भारत या काळात स्वापोच्या बाजूने उभा होता. १९८६ मध्ये त्यांच्या दिल्लीतल्या कार्यालयाला आपण पूर्ण राजनैतिक दर्जा दिला.

अखेर २२ डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये अंगोला, क्युबा आणि दक्षिण आफ्रिका यांनी तोडग्याच्या करारावर सह्या केल्या. त्या समारंभाला निघालेले संयुक्त राष्ट्रांचे नामिबियाविषयक आयुक्त बेर्न्ट कार्लसन आदल्या दिवशी लॉकरबीवर स्फोटात उडालेल्या विमानात होते.

आता त्या हजाराहून कमी सैनिकांकडे येतो. मूळ योजनेत ७,५०० सैनिक होते. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांना, म्हणजे ज्यांच्या खिशाला सर्वाधिक चाट बसणार होती त्यांना, हा खर्च फार वाटला. आफ्रिकी आणि अलिप्त राष्ट्रांना कपात नको होती. घासाघीस लांबत गेली आणि पैशाला मंजुरी मिळाली ती १ मार्चला. तीस दिवसांत जगभरातून फौजा, गाड्या, तंबू, वायरलेस नामिबियात पोचवायचे, हे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते.

अशा पोकळीत स्वापोचे शेकडो सैनिक अंगोलातून खाली उतरले. संयुक्त राष्ट्रांच्या तळांवर शस्त्रे जमा करायला आलो, असे स्वापोचे म्हणणे. हा सरळ करारभंग आहे, असे दक्षिण आफ्रिकेचे. योगायोग असा की त्या दिवशी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर राजधानी विंडहुकमध्ये होत्या. दक्षिण आफ्रिकेने परस्पर काही करू नये, असे त्यांनी बजावले. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी मार्टी अहतिसारी यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: छावण्यांत परतलेल्या दक्षिण आफ्रिकी तुकड्यांना बाहेर पडू द्यायचे, किंवा सगळा तोडगाच मोडू द्यायचा. त्यांनी तुकड्यांना मुभा दिली. पुढच्या नऊ दिवसांत स्वापोचे तीनशेहून अधिक लोक मारले गेले. ज्यांना आवरायला शांतिसेना आली, त्यांनाच तिने मोकळे सोडले, हा ठपका अहतिसारींना पुढे कायम ऐकावा लागला. तो पुरता खोटा नव्हता. पण नकार दिला असता तर अंमलात आणायला त्यांच्याकडे माणसे कुठे होती? अखेर माउंट एट्यो इथे बैठक होऊन स्वापोच्या सैनिकांनी अंगोलात परतायचे ठरले. त्यांच्यासाठी शांतिसेनेने उभारलेल्या केंद्रांकडे फारसे कोणी फिरकले नाही, कारण आसपास दक्षिण आफ्रिकी तुकड्या दबा धरून होत्या. बहुतेकांनी रानातूनच सीमा ओलांडली.

एवढ्या वाईट सुरुवातीनंतर ही मोहीम सावरली, ती सैनिकांपेक्षा पोलिसांमुळे आणि मुलकी कर्मचाऱ्यांमुळे. इथे नामिबियाचा धडा खरा सुरू होतो.

उत्तरेतल्या ओवांबोलँडमध्ये देशाची निम्मी वस्ती. तिथे लोकांच्या छातीत धडकी भरवणारे नाव होते ‘कूफूट’. सुमारे तीन हजार माणसांचे हे पोलिसांचे बंडखोरविरोधी पथक. शांतता करारात सैन्य मागे घेण्याची कलमे होती, पण कूफूट कागदोपत्री पोलीस. त्यामुळे त्यांच्यातले बरेच जण नुसते नेहमीच्या पोलीस दलात सामावून घेतले गेले. माणसे तीच, गाडीही तीच: ‘कॅस्पिर’ नावाचे सुरुंगाला दाद न देणारे उंच चिलखती वाहन, त्यावर मशीनगन. ओवांबो घर म्हणजे लाकडी खुंटांच्या कुंपणाआडच्या झोपड्या आणि भोवती महांगूचे शेत. महांगू म्हणजे आपली बाजरी. कॅस्पिर अशा शेतातून, कधी कुंपणातून, थेट घुसे. प्रचारसभा कुठे आहे ते बघून तिथे चार फेऱ्या मारल्या तरी काम भागे. गोळी झाडायची गरजच नसे.

याला तोंड द्यायला संयुक्त राष्ट्रांनी पाठवले ते बिनहत्यारी पोलीस. त्यांना कोणाला अटक करण्याचा अधिकार नव्हता. स्थानिक पोलिसांच्या पाठोपाठ जायचे, बघायचे, लिहून काढायचे आणि वर कळवायचे, एवढेच काम. सुरुवातीला कॅस्पिर रस्ता सोडून रानात शिरली की मागच्या पांढऱ्या गाड्या वाळूत रुतून बसत. दमदार गाड्या मागाहून मिळाल्या. पोलिसांची संख्या मूळच्या ५०० वरून आधी १,००० आणि मग १,५०० वर नेली गेली. भारतासह पंचवीसएक देशांचे पोलीस त्यात होते. वाचताना हे काम कारकुनी वाटते. पण गावकऱ्याच्या दृष्टीने पाहा: काल जो माणूस कोणालाही जाब देत नव्हता, त्याच्या मागे आज कोणीतरी वही घेऊन फिरते आहे. तक्रारींचा हा ढीग न्यूयॉर्कपर्यंत पोचला. ऑगस्टअखेर सुरक्षा परिषदेने कूफूट मोडीत काढण्याची मागणी करणारा ठराव केला आणि सप्टेंबरच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेला या पथकातल्या सुमारे १,२०० जणांना कमी करावे लागले. उरलेल्यांपैकी आणखी काहींची पाळी मतदानाच्या तोंडावर आली.

जोडीला देशभर ४२ ठिकाणी शांतिसेनेची मुलकी कार्यालये उघडली. चर्चच्या आवारात, शाळेत, झाडाखाली सभा घ्यायच्या आणि एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगायची: तुमचे मत कोणालाही कळणार नाही. सरकारी नभोवाणीचा कल उघड होता, म्हणून शांतिसेनेने तिच्यावर स्वतःसाठी रोजचा वेळ मिळवला.

मत कळणार नाही, हे सांगणे सोपे. तसा कायदा करून घेणे अवघड होते. या व्यवस्थेत एक चमत्कारिक गोष्ट होती. निवडणूक घेणार होते दक्षिण आफ्रिकेचे प्रशासक लुई पिएनार. संयुक्त राष्ट्रांकडे होते ‘देखरेख आणि नियंत्रण’. म्हणजे यजमान तोच, ज्याला घर सोडून जायचे आहे. आणि पाहुण्याचे समाधान झाल्याखेरीज पुढचे पाऊल टाकायचे नाही. पिएनार यांच्या पहिल्या मसुद्यात मतपत्रिका क्रमांक टाकलेल्या पाकिटात घालून सगळी पाकिटे विंडहुकला आणायची, तिथे पडताळणी करायची आणि मगच मोजायची, अशी तरतूद होती. क्रमांकावरून मतदार सापडतो, हे समजायला साक्षर असावे लागत नाही. अहतिसारी आणि त्यांचे सहकारी आठवडेच्या आठवडे अडून बसले. कायदा अखेर १३ ऑक्टोबरला, मतदानाला चार आठवडेही उरले नसताना, जाहीर झाला. मतपत्रिका गुप्त राहिली आणि मोजणी जिल्ह्यांत करायचे ठरले. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतली सर्वांत महत्त्वाची लढाई हीच, आणि ती टेबलावर झाली.

दरम्यान चाळीस हजारांहून अधिक निर्वासित परत आले. मतदार नोंदणी सात लाखांवर गेली. १२ सप्टेंबरला सर्व पक्षांनी आचारसंहिता मान्य केली आणि त्याच रात्री स्वापोचे गोरे नेते, वकील अँटन लुबोव्स्की, यांची विंडहुकमध्ये त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून हत्या झाली. तीस वर्षांच्या विजनवासानंतर स्वापोचे प्रमुख सॅम नुजोमा दोनच दिवसांनी मायदेशी उतरले.

शेवटचा दणका १ नोव्हेंबरला बसला. स्वापोची फौज पुन्हा सीमेवर जमते आहे, असे सांगणारे शांतिसेनेचे वायरलेस संदेश आम्ही पकडले आहेत, अशी घोषणा दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्रमंत्री पिक बोथा यांनी केली. एप्रिलची पुनरावृत्ती होणार, असे क्षणभर सगळ्यांना वाटले. पण आता उत्तरेत शांतिसेनेची माणसे जागोजागी होती. संदेश बनावट असल्याचे त्यांनी लगेच दाखवून दिले आणि बोथांना माघार घ्यावी लागली. एप्रिल आणि नोव्हेंबर यांतला फरक एवढाच, पण तोच सारे काही होता.

मतदान ७ ते ११ नोव्हेंबर असे पाच दिवस, ३५८ केंद्रांवर चालले. तिसऱ्या दिवशी बर्लिनची भिंत कोसळली आणि जगातल्या वर्तमानपत्रांची पहिली पाने तिकडे गेली. इकडे सुमारे ९७ टक्के मतदान झाले. स्वापोला ५७ टक्के मते आणि ७२ पैकी ४१ जागा. मुख्य प्रतिस्पर्धी डेमोक्रॅटिक टर्नहाले अलायन्सला २१. स्वापोला दोन तृतीयांश न मिळणे देशाच्या पथ्यावर पडले, असे मला वाटते. घटनेसाठी दोन तृतीयांश मते लागणार होती, त्यामुळे इतरांशी बोलणे भाग पडले आणि ९ फेब्रुवारी १९९० रोजी घटना एकमताने मंजूर झाली. २१ मार्चला देश स्वतंत्र झाला. स्वापोच्या विरोधकांना आपण दहा कोटी रँडहून अधिक पैसा गुपचूप पुरवला होता, हे दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये कबूल केले.

शेजारच्या अंगोलात तीन वर्षांनी काय झाले ते पाहिले की नामिबियातल्या सात महिन्यांची किंमत कळते. अंगोलाची लोकसंख्या कितीतरी पट मोठी. तिथे संयुक्त राष्ट्रांनी पाठवले ३५० लष्करी निरीक्षक, १२६ पोलीस आणि मतदानापुरते ४०० निरीक्षक. मोहिमेच्या प्रमुख मार्गारेट अ‍ॅन्स्टी या मनुष्यबळात जमेल तेवढे करत राहिल्या. सप्टेंबर १९९२ च्या मतदानाला ९० टक्क्यांहून अधिक लोक आले, रांगा तशाच लांब होत्या. पण सरकार आणि बंडखोर, दोघांच्याही फौजांनी शस्त्रे खाली ठेवली नव्हती. आपण मागे पडलो असे दिसताच बंडखोरांचे नेते जोनास साविंबी पुन्हा युद्धाकडे वळले आणि ते युद्ध २००२ मध्ये ते मारले जाईपर्यंत चालले. याउलट कंबोडियात १९९३ साली शांतिसेना होती जवळपास २२ हजारांची. तरी ख्मेर रूजने शस्त्रे दिली नाहीत आणि निवडणूक हरलेले हुन सेन दुसरे पंतप्रधान होऊन बसले. चार वर्षांत त्यांनी पहिल्या पंतप्रधानाला हुसकावलेही. नुसती डोकी वाढवून भागत नाही, हेही त्यातून दिसले.

नामिबियाचा हिशोबही पुरता चुकता झालेला नाही. स्वापोने आपल्याच लोकांना हेर ठरवून अंगोलातल्या लुबांगोजवळ डांबले होते. संयुक्त राष्ट्रांचे पथक सप्टेंबर १९८९ मध्ये त्यांचा शोध घेऊन आले, पण शेकडो जणांचा ठावठिकाणा लागला नाही, आणि नव्या सत्ताधाऱ्यांनी तो विषय पुढे फारसा उकरू दिला नाही. उत्तरेत एनहानाजवळ जुन्या दक्षिण आफ्रिकी तळापाशी २००५ साली सामूहिक कबरी सापडल्या.

मोहिमेचा खर्च सुमारे ३६ कोटी ८० लाख डॉलर झाला, मंजूर रकमेपेक्षा कमीच. शांतिसेनेचे १९ जण दगावले. शांतिसेना परतल्यावर केनियाची एक बटालियन दोन देशांतल्या करारानुसार तीन महिने मागे राहिली आणि नव्या नामिबियन सैन्याला शिकवायला तिने मदत केली. त्या सैन्याच्या काही माणसांनी तीनच वर्षांत कंबोडियाच्या निवडणुकीसाठी निळी टोपी चढवली. २००५ मध्ये लायबेरियाने एलेन जॉन्सन सरलीफ यांना निवडून दिले, तेव्हा तिथल्या शांतिसेनेत नामिबियाची अख्खी बटालियन होती.