लेख काय सांगतो, मूर्ती काय सांगते : पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर

विजापूर, बदामी करीत आपल्याकडची मंडळी पट्टदकलला जातात. मलप्रभेच्या काठचे विरूपाक्ष मंदिर पाहताना एक वाक्य त्यांच्या कानी पडतेच: "हे कांचीच्या कारागिरांनी बांधले." किती खरे आहे ते? त्यासाठी कोरीव काम आणि कोरलेली अक्षरे, दोन्ही शेजारीशेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

बदामीचा चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य इ. स. ८ व्या शतकातला. त्याने पल्लवांची कांची तीनदा जिंकली. त्या विजयासाठी राणी लोकमहादेवीने हे देऊळ उभारले, असे इथला कानडी लेख सांगतो. देवाचे मूळ नाव म्हणूनच लोकेश्वर. बरे, कांचीच्या कैलासनाथ मंदिरातही या राजाचा लेख आहे, तोही कानडीत. देवाचे धन आपण घेतले नाही, देवालाच परत दिले, असा त्याचा आशय. पराभूताच्या देवळात आपली भाषा कोरून जाणे, हाही एक झेंडाच म्हणा ना!

राजाने कैलासनाथ पाहिले, हे तर ठरले. विरूपाक्षाच्या आवाराला लागून असलेली छोटी देवळे पाहिली की त्याची आठवण होतेच. पण टप्प्याटप्प्याने चढणारे द्राविड शिखर काही तेव्हाच इकडे आले असे नाही. बदामीच्या मालेगित्ती शिवालयावर ते ७ व्या शतकातच दिसते.

आता माणसे पाहू. लेखांत सूत्रधार गुंड अनिवारिताचारी याचा मान केलेला आहे. दुसरा सर्वसिद्धी आचारी. त्याला 'दक्षिण दिशेचा सूत्रधार' म्हटले आहे. एवढ्या शब्दावरून काहींनी त्याला थेट कांचीला नेऊन बसवले! मला ही ओढाताण वाटते. दिशा म्हणजे गाव नव्हे. शिवाय मंदिरातल्या शिल्पांजवळ घडवणाऱ्यांची नावे आहेत: चेंगम्म, दुग्गी आचाऱ्याचा मुलगा बलदेव. ती कानडीत आहेत. दुरून आणलेला तमिळ कारागीर आपले नाव, बापाचे नाव कानडीत कशाला कोरील? नमुना कांचीचा डोळ्यांपुढे असेल, पण छिन्नी धरणारे हात बहुतेक इथलेच.

जवळच्याच पापनाथ मंदिराच्या भिंतीवर रामायणातले प्रसंग आहेत, आणि पात्रांची नावे तिथेच कोरलेली आहेत. गेलात तर आधी चित्र पाहून पात्र ओळखा, मग जाणकाराकडून अक्षरे वाचून घ्या.