उपचार बंद दाराआड, पुरावा चारचौघांसमोर

'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाच्या १४ ऑक्टोबर १९८९च्या अंकात एक शोधनिबंध छापून आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल आणि त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. स्तनांचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या ८६ स्त्रियांचा हा अभ्यास होता. सगळ्यांचे नेहमीचे वैद्यकीय उपचार चालूच होते. त्यांतल्या ५० जणी वर्षभर दर आठवड्याला दीड तास गटागटाने एकत्र बसल्या आणि दुखण्याबद्दल, घरच्यांबद्दल, मरणाच्या भीतीबद्दल मोकळेपणाने बोलल्या. उरलेल्या ३६ जणींना असा गट नव्हता. दहा वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा गटातल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्याचं दिसलं. गट न मिळालेल्या स्त्रियांचा आकडा होता १८.९ महिने.

जवळजवळ दुप्पट आयुष्य! बातमी जगभर गेली आणि हजारो रुग्णांनी तिच्यावर आशा बांधली. पण एका अभ्यासावर विसंबायचं नाही, हा विज्ञानाचा शिरस्ता आहे. कॅनडात पामेला गुडविन यांच्या चमूने २३५ स्त्रियांवर तसाच प्रयोग केला. त्याचा निकाल २००१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला : गटातल्या स्त्रिया १७.९ महिने जगल्या, गटाबाहेरच्या १७.६ महिने. म्हणजे फरक नाहीच. २००७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २२७ स्त्रियांच्या अभ्यासाने तेच सांगितलं. त्याच वर्षी खुद्द स्पीगल यांनी १२५ स्त्रियांवरचा आपला नवा अभ्यास 'कॅन्सर' या नियतकालिकात छापला आणि एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही, हे स्वतःच नोंदवलं.

मग हे गट व्यर्थ ठरले का? मुळीच नाही. कॅनडातल्या ज्या स्त्रिया सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या, त्यांचं मन गटामुळे सावरलं आणि वेदनेचा जाचही कमी झाला. ऑस्ट्रेलियात गटातल्या स्त्रियांना नैराश्यापासून संरक्षण मिळालं. ग्रुप थेरपीने आयुष्य लांबत नाही, पण उरलेलं आयुष्य सुसह्य होतं, हे आज डॉक्टर रुग्णाला खात्रीने सांगू शकतो. कारण आधीचा गाजलेला निकाल ज्यांनी तपासून पाहिला, त्यांनी आपले फिके निकालही छापले आणि संपादकांनी ते छापू दिले. या क्षेत्रातल्या शोधनियतकालिकांचं खरं मोल मला इथे दिसतं.

क्षयरोग्यांच्या वर्गापासून

ग्रुप थेरपीची सर्वसाधारण रचना साधी असते. सात ते दहा माणसं आणि एक किंवा दोन प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गोल बसतात. इथे फक्त तज्ज्ञाच्या बोलण्याने गुण येत नाही. एकाचं दुःख दुसऱ्याने ऐकणं, 'असं फक्त माझंच होतं' हा समज गळून पडणं, दुसऱ्याला धीर देताना स्वतःला बळ येणं, या सगळ्यातून उपचार होतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी अशा ११ उपचारक घटकांची मांडणी केली. १९७० साली निघालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाची सहावी आवृत्ती, मॉलिन लेश्च यांच्यासह लिहिलेली, २०२०मध्ये आली.

या शाखेचा लेखी इतिहास मात्र मनाच्या आजारापासून सुरू होत नाही. बॉस्टनचे डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली गरीब क्षयरोग्यांचा एक 'वर्ग' भरवायला सुरुवात केली. सॅनेटोरियमचा खर्च परवडत नसलेले हे रुग्ण आठवड्यातून एकदा जमत, वजन करून घेत आणि विश्रांती, आहार, मोकळी हवा यांच्या नोंदवह्या दाखवत. एकमेकांची प्रगती पाहून त्यांना उभारी येते, हे प्रॅट यांच्या लक्षात आलं आणि १९०७ साली त्यांनी या पद्धतीवर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लेख लिहिला. एका डॉक्टरचा अनुभव त्यामुळे इतरांच्या हाती पडला.

दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसली. बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनाने कोलमडलेले सैनिक येत. तिथे विल्फ्रेड बियॉन आणि जॉन रिकमन या मानसोपचारतज्ज्ञांनी सैनिकांचे गट करून गटातल्या ताणाचाच अभ्यास गटाकडून करवून घेतला. लष्करी अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही आणि प्रयोग सहा आठवड्यांत गुंडाळला गेला. पण दोघांनी त्याचा वृत्तांत १९४३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. सहा आठवड्यांचं ते काम आज ऐंशी वर्षांनंतरही मानसोपचाराचे विद्यार्थी वाचतात, चर्चेला घेतात. वृत्तांत छापला नसता, तर त्या जुन्या लष्करी फायलीकडे आज कोण वळलं असतं?

ग्रुप थेरपीची स्वतःची नियतकालिकं जन्मली ती मात्र स्पर्धेतून. बुखारेस्टला जन्मलेले, व्हिएन्नात शिकलेले आणि सायकोड्रामाचे, म्हणजे भूमिका वठवून करायच्या उपचारपद्धतीचे, जनक असलेले जेकब मोरेनो अमेरिकेत स्थायिक झाले. न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांचे गट चालवणारे सॅम्युअल स्लॅव्हसन मूळचे इंजिनिअर. ग्रुप थेरपीचं नेतृत्व कुणाकडे, यावरून दोघांत अनेक वर्षं तेढ होती. दोघांनीही १९४२च्या सुमारास आपापल्या संघटना उभारल्या आणि आपापली नियतकालिकं काढली. स्लॅव्हसन यांच्या पुढाकाराने १९५१ साली सुरू झालेलं 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ग्रुप सायकोथेरपी' आजही निघतं. लंडनमध्ये झिगमंड फूक्स यांनी वेगळी वाट धरली. हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडून आलेल्या या डॉक्टरने इंग्लंडमध्ये फोक्स हे आडनाव घेतलं. १९६७ साली त्यांनी देशोदेशीच्या गटचालकांच्या पत्रव्यवहाराचं एक प्रकाशन सुरू केलं. एकाने अनुभव कळवायचा, दुसऱ्याने त्यावर लिहायचं, तिसऱ्याने हरकत घ्यायची, असं त्याचं रूप होतं. त्यातूनच पुढे 'ग्रुप अ‍ॅनालिसिस' हे नियतकालिक आकाराला आलं.

गुपित जपायचं आणि लिहायचंही

या क्षेत्रात लिहिणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती गोपनीयतेची. एकट्या रुग्णाबद्दल लिहायचं, तर एकाची संमती पुरते. गटात आठ जण असतात. त्यातली एक बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलते, तेव्हा तिच्या कथेत ऐकणारे सातही जण असतात. कुणी रडलं, कुणी रागावलं, कुणी उठून गेलं. त्या बाईने 'खुशाल लिहा' म्हटलं, तरी इतरांचं काय? नाव बदललं तरी त्या खोलीत बसलेला माणूस लेखात स्वतःला आणि शेजाऱ्याला नक्की ओळखतो.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम असा की, रुग्ण ओळखू येण्याची शक्यता असेल, तर त्याची लेखी संमती हवी आणि छापायचा मजकूर त्याला आधी दाखवायला हवा. ओळख लपवण्यासाठी तपशील बदलले, तर त्या बदलांनी शास्त्रीय अर्थ बिघडलेला नाही, याची हमीही लेखकाने द्यायची. भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. या चौकटीत राहून खरं लिहिणं अवघड आहे, पण अशक्य नाही.

यालोम यांनी यातून एक धाडसी वाट काढली होती. प्रत्येक बैठकीनंतर ते झालेल्या संवादाचा सविस्तर सारांश लिहीत आणि पुढच्या बैठकीआधी तो गटातल्या सगळ्यांना टपालाने पाठवत. डॉक्टर आपल्याबद्दल काय लिहितो, हे रुग्ण वाचत आणि पटलं नाही तर पुढच्या वेळी तसं सांगत. या पद्धतीवरचा शोधनिबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला आधी वाचू द्यायचं, हे तत्त्व मला या क्षेत्रातल्या सगळ्या लेखनाचा पाया वाटतं.

आठ जण, पण आठ वेगळे पुरावे नव्हेत

दुसरी अडचण आकडेमोडीची आहे. औषधाच्या चाचणीत शंभर जणांनी गोळी घेतली, तर एकाच्या गोळीचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. ग्रुप थेरपीत सगळा भर असतो तो एकमेकांवरच्या परिणामावरच. चांगला शिक्षक लाभलेल्या तुकडीतली सगळीच मुलं पुढे सरकतात, तसं चांगल्या जमलेल्या गटातले आठही जण एकदम सुधारतात आणि एखाद्या बिनसलेल्या गटातले आठही जण अडकून राहतात. त्यांना आठ स्वतंत्र पुरावे धरलं, तर उपचार आहे त्यापेक्षा जास्त खात्रीचा भासतो.

स्कॉट बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली नेमकी हीच चूक मोजली. गटात दिलेल्या उपचारांचे ३३ प्रकाशित अभ्यास त्यांनी तपासले. एकाही अभ्यासात गटाचा हा परिणाम हिशेबात नीट धरलेला नव्हता. त्यांनी वेगवेगळ्या गृहीतकांनुसार आकडे दुरुस्त केले, तेव्हा ३३पैकी ६ ते १९ अभ्यासांत लक्षणीय म्हणावा असा एकही निकाल उरला नाही. त्यामुळे ग्रुप थेरपीवरचा अभ्यास वाचताना रुग्ण किती होते, एवढंच पाहून भागत नाही. गट किती होते, हेही पाहायला हवं.

नीट केलेली तुलना मात्र दिलासा देते. गॅरी बर्लिंगेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली, ४६ वर्षांच्या काळातले ६७ अभ्यास एकत्र करून पाहिले. तोच उपचार, तसेच रुग्ण आणि तितकाच कालावधी असेल, तर एकेकट्याला दिलेल्या आणि गटात दिलेल्या उपचारांच्या परिणामांत फरक आढळला नाही. दर लाख लोकसंख्येमागे सरासरी एकही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या आपल्या देशाला यापेक्षा उपयोगाची माहिती कोणती?

इजा झाली तर तीही छापायची

१९६० आणि ७०च्या दशकांत अमेरिकेत 'एन्काउंटर ग्रुप'ची लाट आली होती. अनोळखी लोकांनी जमायचं, मनातलं सगळं बोलून टाकायचं आणि एकमेकांना बेधडक सुनवायचं. मॉर्टन लीबरमन, यालोम आणि मॅथ्यू माइल्स यांनी स्टॅनफर्डच्या २१० विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या १६ जणांना गटामुळे टिकून राहणारी मानसिक इजा झाली होती. आक्रमक, अंगावर धावून जाणाऱ्या नेत्यांच्या गटांत धोका जास्त होता. आणखी एक गोष्ट पुढे आली : कुणाला इजा झाली, हे बऱ्याच नेत्यांना कळलंच नव्हतं. ते अधिक अचूक सांगितलं गटातल्या इतर सदस्यांनी. हे निष्कर्ष छापले गेले, म्हणून कुणाला गटात घ्यावं, कुणाला घेऊ नये आणि नेत्याने काय टाळावं, हे प्रशिक्षणात शिकवता येऊ लागलं.

जे लिहिलं गेलं आणि जे राहिलं

युगांडातलं काम लेखनाची ताकद दाखवतं. तिथल्या ३० गावांत नैराश्याने ग्रासलेल्या लोकांसाठी १६ आठवड्यांची ग्रुप थेरपी तपासली गेली. गट चालवणारी माणसं तिथलीच होती, ती डॉक्टर नव्हती. २००३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निकाल आला : उपचारानंतर गटातल्या ६.५ टक्के लोकांत नैराश्य उरलं होतं, गट न मिळालेल्यांत ५४.७ टक्के. पुढे २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपचारपद्धतीची मार्गदर्शिका सर्वांना मोफत उपलब्ध करून दिली.

याउलट आपल्याकडचं उदाहरण अमृतसरचं आहे. तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांना राहायला बोलावलं. सगळ्यांना एकत्र बसवून ते आजार समजावून सांगत. कुटुंबाला उपचारात सामील करण्याची ही कल्पना काळाच्या कितीतरी पुढची होती. पण त्यांनी स्वतः फार थोडं लिहिलं. त्यांचं मोठेपण आपल्यापर्यंत पोचलं ते मुख्यतः इतरांच्या लेखणीतून, आणि कामाचा बारीक तपशील त्यांच्याबरोबरच गेला.

महाराष्ट्रात गटाने चालणारं काम थोडंथोडकं नाही. पुण्यात १९८६पासून चालणाऱ्या मुक्तांगणमध्ये व्यसनमुक्तीच्या उपचारांत गटाला मोठं स्थान आहे. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थच्या स्वमदत गटांनी अनेक कुटुंबांना आधार दिला आहे. एकत्र कुटुंब, जात, भावकी, 'लोक काय म्हणतील' याची धास्ती यांसह मराठी माणूस गटात कसा बोलतो आणि कुठे गप्प होतो, हे बॉस्टन किंवा लंडनच्या नियतकालिकात आयतं मिळणार नाही. ते इथल्याच लोकांनी लिहायला हवं.

वाचण्याची सोय थोडी सुधारली आहे. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे २०२५पासून सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली. पण स्वयंसेवी संस्थेतला समुपदेशक या योजनेच्या बाहेर आहे आणि गट बहुतेकदा तोच चालवतो. ही योजना त्याच्यापर्यंत न्यायला हवी.

वाचकांना एक सांगणं आहे. तुम्ही किंवा घरचं कुणी गटात जाणार असेल, तर आधी विचारा : गट चालवणाऱ्याचं प्रशिक्षण काय? माझ्या त्रासासाठी या पद्धतीचा पुरावा कुठे छापला आहे? इथलं बोलणं बाहेर जाऊ नये, यासाठी काय ठरलं आहे? मला त्रास वाढला तर कुणाला सांगायचं? चांगला तज्ज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाही. आणि महाराष्ट्रात गट चालवणाऱ्यांना आग्रहाची विनंती : सदस्यांच्या संमतीने नोंदी ठेवा, त्या दुसऱ्यांना तपासू द्या आणि छापा. जमलेल्या गटांबद्दल लिहाच, फसलेल्या गटांबद्दल तर आवर्जून लिहा.